मामांच्या हाडातला कोनाडा

बोनमॅरो म्हणजे पाठीच्या मणक्यातून पाणी काढतात ते, अशी आमच्या घराची पक्की समजूत होती. मामींनी तर त्यापायी कुणाकुणाचे पाय कायमचे लुळे पडल्याच्या गोष्टीही ऐकल्या होत्या. मी बी.कॉम. झालेली, मगरपट्ट्यातल्या एका कंपनीत पगारपत्रकं करते, म्हणजे घरातली 'शिकलेली'. मांजरीहून मामा तपासण्यांसाठी आमच्याकडे ससाणेनगरला राहायला आले, तेव्हा त्यांची फाईल आपोआप माझ्या काखेत आली. दोन-तीन महिने थकवा, अर्ध्या भाकरीत पोट भरणं, डाव्या बरगडीखाली जड वाटणं. हिमोग्लोबिन आठावर आलेलं, सोनोग्राफीत प्लीहा बरीच वाढलेली. शाळेत मज्जारज्जू आणि मज्जातंतू शिकल्याच्या जोरावर मी मामांना ठासून सांगितलं, की मज्जा म्हणजे नसांचंच काहीतरी असतं. मामा म्हणाले, "नसांचं असंल तर मग रक्ताचा डॉक्टर कशापायी बघतोय?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मामांना कमी ऐकू येतं म्हणून तपासणीच्या वेळी मला आत थांबू दिलं. त्यांना कुशीवर झोपवून गुडघे पोटाशी घ्यायला लावले. डॉक्टरांनी कमरेच्या मागे, खळी पडते तिथे, अंगठ्याने चाचपून हाड शोधलं. मणक्याकडे कुणी फिरकलंही नाही. कमरेच्या या रुंद हाडात मोठ्या माणसाची मज्जा भरपूर असते आणि आसपास जपावं असं नाजूक काही नसतं, म्हणून सुई तिथे. आधी भूल, मग जाड सुई, मग सिरिंजने ओढणं. ओढताना जी कळ येते ती भुलीने थांबत नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मामांनी दात आवळले. सिरिंज कोरडी. सुई थोडी फिरवून पुन्हा ओढलं, तरी कोरडीच. "ड्राय टॅप," डॉक्टर म्हणाले आणि सिस्टरांनी तसं लिहून घेतलं. मी कोपऱ्यातून विचारलं, "सुई चोंदली असेल का?" डॉक्टर हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. "सुई ठीक आहे. आतलं सुटून येत नाहीये. कशानं तरी धरून ठेवलंय."

कशानं तरी धरून ठेवलंय, हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. तोवर माझ्या मते मज्जा म्हणजे हाडाच्या पोकळीत साठलेला एक रस होता. रस धरून कसा ठेवतात?

मग दुसरी, आणखी जाड सुई हाडात पिळत पिळत नेली आणि बाहेर काढली तेव्हा तिच्यातून एक काडी निघाली. लांबी दीड सेंटिमीटरच्या आसपास, जाडी दोन-तीन मिलिमीटर, रंग फिकट, एका टोकाला लालसर. ती काचेच्या पट्टीवर हलकेच लोळवली, म्हणजे वरवरच्या थोड्या पेशी काचेला चिकटतात, आणि मग फॉर्मालिनच्या बाटलीत टाकली. बाटली प्रयोगशाळेत पोचवायचं काम माझं. खिडकीवर मी कामाच्या सवयीने विचारलं, "संध्याकाळपर्यंत मिळेल ना रिपोर्ट?" आतला मुलगा म्हणाला, "मॅडम, हाड आहे ते. आधी त्यातला चुना काढायचा, मग मेणात बसवायचं, मग काप घ्यायचे." सिरिंजने ओढलेल्या थेंबात पेशी मिळतात, पण त्या आत कुणाच्या शेजारी होत्या ते कळत नाही. काडीत शेजार जसाच्या तसा येतो. हे ऐकून मी बाटली उजेडात धरून बघायला लागले. मागच्या माणसाला पावती करायची होती, त्याने मला बाजूला व्हायला सांगितलं.

रिपोर्ट यायला अवकाश होता. दरम्यान रविवार आला. मी मटणाच्या दुकानात गेले आणि एक नळी मधोमध फोडून, मणक्याचा एक तुकडा आणि थोडा सीना मागितला. दुकानदार ओळखीचे. "रस्सा करायचाय का ताई?" मी म्हटलं, "नाही, नुसतं बघायचंय." रांगेतली बोलणी थांबली.

घरी सगळं एका ताटात मांडलं आणि मुलीचं भिंग घेतलं. नळीच्या मधल्या भागात पिवळट पांढरी मज्जा होती, बोटाला तुपकट लागणारी. नळीच्या टोकाकडे, सांध्याजवळ, हाडाची बारीक जाळी सुरू झाली आणि रंग गुलाबी होत गेला. मणक्याचा तुकडा तर आतून सगळाच जाळीचा आणि लाल. सुरीच्या पाठीने दाबलं की छिद्राछिद्रांतून गडद लाल पाझरायचं. मग पुस्तक उघडलं. लहान मुलाच्या जवळजवळ सगळ्या हाडांत लाल मज्जा असते. वय वाढतं तशी हातापायांच्या लांब हाडांतली मज्जा चरबीची, पिवळी होत जाते. मोठ्या माणसाचं रक्त होतं ते कमरेचं हाड, मणके, बरगड्या, छातीचं हाड, कवटी आणि मांडी-दंडाच्या हाडांची वरची टोकं, एवढ्या ठिकाणी. थोडक्यात, ज्या नळीवरून आम्हा भावंडांची दर रविवारी मारामारी व्हायची, तिच्या पोटात रक्त करणारं फारसं काही नव्हतंच. मी हे मामींना सांगायला गेले तोवर त्यांनी माझा सगळा प्रयोग धुऊन कुकरला लावला होता.

आमच्या शेजारी एक वैद्य राहतात, माळवाडीच्या सुमतीभाई शहा आयुर्वेद महाविद्यालयातून शिकलेल्या. त्यांना जिन्यात गाठून मी माझा शोध ऐकवला. त्या शांतपणे म्हणाल्या, सुश्रुताच्या शारीरस्थानात आहे ते: मोठ्या हाडांच्या आत मज्जा, बाकीच्या हाडांत सरक्त मेद. म्हणजे रक्त मिसळलेली चरबी. माझं ताट आणि भिंग जवळपास दोन हजार वर्षं उशिरा पोचलं होतं.

आकडे मात्र माझ्या हातचे. मोठ्या माणसाच्या शरीरात दिवसाला सुमारे २०,००० कोटी तांबड्या पेशी नव्याने तयार होतात. दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला तर सेकंदाला २३ लाखांच्या वर. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस टिकते, प्लेटलेट आठ-दहा दिवस, जंतूंशी लढणाऱ्या काही पांढऱ्या पेशी तर रक्तात एखादा दिवससुद्धा काढत नाहीत. ही सगळी भरती मज्जेतल्या मोजक्या मूळ पेशींच्या वंशातून होते. स्टेम सेल म्हणतात त्या याच. हे काम हाडांत चालतं हे १८६८ साली जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत ज्युलिओ बिझ्झोझेरो यांनी वेगवेगळं दाखवलं.  मी मामांना मोठ्या तोऱ्यात सेकंदाचा आकडा सांगितला. ते म्हणाले, "मंग माझ्या वाटच्या कुटं गेल्या?"

प्रश्न खरा होता. मूळ पेशी कुठे राहतात, कुणाच्या आधाराने राहतात, आणि तो आधार बिघडला तर काय होतं? मी मज्जेत रक्त सोडून आणखी काय असतं त्याची यादी करायला घेतली. पुस्तकांत त्या सगळ्याला मिळून स्ट्रोमा म्हणतात. मी वहीत 'आधाराची ऊती' लिहिलं आणि पुढे गेले. लांब लांब हात पसरलेल्या जाळीपेशी आणि त्यांनी विणलेले रेटिक्युलिनचे बारीक तंतू. पातळ भिंतींच्या रुंद रक्तवाहिन्या, ज्यांच्या भिंतीतून तयार झालेल्या पेशी अंग चोरून रक्तात शिरतात. हाडाच्या आतल्या अंगाला चिकटून बसलेल्या हाड घडवणाऱ्या पेशी. चरबीच्या पेशी. नसांची टोकं. आणि मॅक्रोफेज, म्हणजे सफाई करणाऱ्या भक्षक पेशी.

कामाच्या सवयीने मी याचं एक्सेलमध्ये पत्रक केलं: नाव, हुद्दा, काम. ते जुळेना. एक जपानी गट ज्यांना 'कार' पेशी म्हणतो, त्यांचाच बराचसा भाग अमेरिकेतले लोक 'लेप्टिन रिसेप्टर'वाल्या पेशी म्हणून मोजतात, आणि तिसऱ्या कुणाकडे त्याच 'नेस्टिन'वाल्या म्हणून लागतात. एकेका पेशीची तीन-तीन नावं. पत्रकाची बेरीज दर वेळी वेगळी यायला लागली तेव्हा मी फाईल न साठवताच बंद केली.

मॅक्रोफेजची एक गोष्ट मात्र कधी विसरणार नाही. मार्सेल बेसिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९५८ साली वर्णन केलं, की मज्जेत मधोमध एक मॅक्रोफेज बसलेला असतो आणि त्याला बिलगून भोवती वाढत्या तांबड्या पेशींचा घोळका. तांबडी पेशी रक्तात जाण्याआधी आपलं केंद्रक बाहेर टाकते, आणि ते टाकलेलं केंद्रक हा मधला गिळून टाकतो. रोज २०,००० कोटी केंद्रकं! आमच्या कुठल्याच रिपोर्टवर या माणसाचं नाव नाही. मी 'माणसाचं' म्हटलं, कारण एव्हाना मी या पेशींना घरातल्यासारखं बोलायला लागले होते, आणि मुलगी माझ्याकडे काळजीने बघायला लागली होती.

उंदरांनी मला सगळ्यात जास्त छळलं. प्रयोगशाळांत उंदरांच्या दोन जाती होत्या, एकीचं नाव 'डब्ल्यू', दुसरीचं 'स्टील'. दोन्हींत रक्त फार कमी, दोन्ही पांढऱ्या, काळ्या डोळ्यांच्या. वरून बघून फरक कळू नये. निरोगी उंदराची मज्जा डब्ल्यूला दिली की तो बरा व्हायचा. तीच मज्जा स्टीलला दिली तर काही उपयोग नाही. आणि खरी गंमत पुढे. आजारी स्टीलची मज्जा आजारी डब्ल्यूला दिली, तर डब्ल्यू बरा! आजाऱ्याचं औषध आजाऱ्याला कसं चालतं, हे मला काही केल्या उलगडेना. कागदावर बाण काढून काढून पान भरलं. शेवटी उजाडलं: डब्ल्यूच्या रक्ताच्या मूळ पेशीच सदोष, जागा चांगली. स्टीलच्या मूळ पेशी धडधाकट, जागाच वाईट. पुढे १९९० च्या सुमारास कळलं की स्टीलच्या आधारपेशी एक प्रथिन नीट तयार करत नाहीत, ज्याला स्टेम सेल फॅक्टर म्हणतात. आणि ते ओळखणारी खूण डब्ल्यूच्या मूळ पेशींवर धड नसते. एकाकडे देणारा नाही, दुसऱ्याकडे घेणारा नाही. हे समजलं त्या रात्री मी मामांना उठवून सांगितलं. मामींनी मला दुसऱ्या खोलीत पाठवलं.

इंग्लंडात मँचेस्टरला मायकेल डेक्स्टर आणि सहकाऱ्यांनी १९७७ साली मज्जा बाटलीत जगवून दाखवली. आधी बाटलीच्या तळाला आधारपेशींचा थर धरू द्यायचा, त्यावर रक्ताच्या मूळ पेशी. थर असेल तर त्या महिनोन्‌महिने नव्या पेशी देत राहायच्या. थर नसेल तर लवकरच संपायच्या. पेशींच्या खाद्यात घोड्याचा सीरम घालत. हे वाचून मी थबकले, कारण हडपसरमध्ये वाढलेल्या मुलीला घोडा आणि सीरम हे शब्द शेजारी शेजारी नवे नाहीत. सायरस पूनावालांनी १९६६ साली इथे सीरम इन्स्टिट्यूट काढली ती घराण्याच्या घोड्यांच्या जोरावर; सुरुवातीला धनुर्वातावरचा उतारा घोड्यांच्या सीरमपासूनच व्हायचा. तिच्या फाटकावरून मी असंख्य वेळा गेलेय, पण सीरम म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारं पिवळसर पाणी, हे मला या वयात कळलं. तोवर मी ते कंपनीचं नाव समजत होते.

त्याच मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतल्या रे स्कोफिल्डने पुढच्या वर्षी, १९७८ साली, एक कल्पना मांडली. मूळ पेशी मूळ पेशी राहते ती काही अंगच्या गुणाने नव्हे. मज्जेतल्या एका ठरावीक जागी, ठरावीक शेजाऱ्यांमध्ये बसली आहे म्हणून राहते. जागा सुटली की ती वाढत, बदलत जाते आणि रक्तातली साधी पेशी होऊन संपते. या जागेला त्याने 'निश' म्हटलं. मी कोनाडा म्हणते. आजोळच्या जुन्या घरात भिंतीत कोनाडा होता, दिवा त्यात ठेवला की वाऱ्याने विझत नसे. ओसरीवर आणला की विझायचा.

आता हा कोनाडा नेमका कुठे, यावर पुढे बराच वाद झाला. २००३ साली दोन गटांनी सांगितलं, हाड घडवणाऱ्या पेशींपाशी. २००५ साली दुसऱ्यांनी दाखवलं, बऱ्याच मूळ पेशी तर रक्तवाहिन्यांना लागून आहेत. २०१२ मध्ये उंदरांवरच्या कामातून दिसलं, की स्टेम सेल फॅक्टर पुरवणारे मुख्यतः रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले आणि त्या भिंतींना बिलगलेल्या जाळीपेशींमधले. चरबीच्या पेशींचं तर विचारूच नका. २००९ साली एका गटाला त्या रक्तनिर्मितीला अडसर वाटल्या, २०१७ साली दुसऱ्याला त्याच मदतनीस दिसल्या. मला या सगळ्यात बरं वाटलं ते एवढंच, की गोंधळलेली मी एकटी नव्हते.

रिपोर्ट आला. इंग्रजी, दोन पानं, आणि शेवटी 'रेटिक्युलिन: ग्रेड ३'. मी ग्रेड वाचून मामांना आनंदाने सांगणार होते, की शून्य ते तीनमध्ये पैकीच्या पैकी मिळाले. सुदैवाने आधी डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी खाली पॅथॉलॉजीत नेलं आणि तिथल्या बाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघू दिलं. पहिल्यांदा मला माझ्याच पापण्या दिसल्या. मग त्यांनी डोळा कुठे ठेवायचा ते सांगितलं. आधी एका निरोगी मज्जेचा नमुना: गोल, रिकामी पांढरी वर्तुळं म्हणजे चरबीच्या पेशी, काप करताना चरबी विरघळून जाते म्हणून रिकाम्या, त्यांच्यामध्ये जांभळ्या ठिपक्यांची दाटी. चांदी वापरून रंगवलेल्या दुसऱ्या काचेवर फार तर इथे-तिथे एखादा काळा धागा. मग मामांची काच. काळेच काळे. धागे एकमेकांत गुंतलेले, कुठे कुठे जाड दोर झालेले, आणि त्यांच्यात अडकून लांबट झालेल्या पेशी. सिरिंजला काही का आलं नाही ते आता डोळ्यांनी दिसत होतं. मी विचारलं, "हे सगळं कापून टाकता येत नाही का?" बाई म्हणाल्या, "कुठलं कापणार? सगळ्या हाडांत असंच असणार."

आजाराचं नाव मायलोफायब्रोसिस, मज्जेत तंतू माजणं. सुरुवात रक्ताच्या मूळ पेशीतच होते. बहुतेकांत तिच्या जनुकात एक बदल सापडतो. मामांमध्ये 'जॅक टू' नावाच्या जनुकातला तो निघाला, २००५ साली ओळखला गेलेला. या बदललेल्या वंशात प्लेटलेट करणाऱ्या अवाढव्य पेशी बेसुमार वाढतात आणि त्या असे काही संदेश सोडतात, की आसपासच्या आधारपेशी तंतू विणत सुटतात. इथे मला बसायला खुर्ची मागावी लागली. कारण २०१७ च्या सुमारास उंदरांत जे दिसलं ते असं: तंतू करणाऱ्या पेशी कुठून बाहेरून आलेल्या नसतात. ज्या लेप्टिन रिसेप्टरवाल्या पेशी मूळ पेशींना पोसत होत्या, त्यांच्यातल्याच त्या. पोसणं सोडून विणायला लागलेल्या. ज्यांना मी एव्हाना घरचे समजत होते तेच, आणि माझं पत्रकही त्यांच्यापाशीच चुकलं होतं.

मग मूळ पेशी जातात कुठे? काही कोनाडा सोडून रक्तात भटकतात आणि प्लीहा, यकृतात मुक्काम ठोकतात. गर्भात असताना रक्त तिथेच व्हायचं, मुख्यतः यकृतात, थोडं प्लीहेत, आणि मज्जेचं काम साधारण पाचव्या महिन्यापासून जोर धरतं. म्हातारपणी मामांची प्लीहा पुन्हा रक्ताच्या कामाला लागली होती, म्हणून एवढी फुगली, जठरावर दाबली, आणि म्हणून अर्ध्या भाकरीत पोट भरत होतं. वैद्यबाईंना जिन्यात हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, आमच्याकडे रक्ताचं स्थानच यकृत-प्लीहा सांगितलंय. यानंतर मी जिन्यात शोध सांगणं बंद केलं.

डॉक्टरांनी बोनमॅरो ट्रान्सप्लांटचा विषय काढला. मी विचारलं, "म्हणजे दात्याची मज्जा हाडाला भोकं पाडून भरणार?" या वेळी ते हसले. हाताच्या शिरेतून देतात, रक्ताची पिशवी लावतात तशीच. "मग त्या पेशींना हाड कुठे आहे ते कळतं कसं?" हा प्रश्न त्यांना आवडला असावा, कारण त्यांनी खुर्ची पुढे ओढली. मज्जेतल्या आधारपेशी 'सीएक्ससीएल १२' नावाचा एक रेणू सोडत असतात, मूळ पेशींवर तो ओळखणारी खूण असते, त्या मागाने त्या मज्जेत शिरतात आणि बसतात. दात्याकडून पेशी घ्यायच्या तर याच्या उलट करतात: चार-पाच दिवस इंजेक्शनं देऊन मूळ पेशींची पकड सैल करतात, त्या रक्तात उतरतात, आणि मग यंत्राने हातातूनच गोळा करता येतात. दात्याच्या हाडाला बहुतेक वेळा सुई लागतही नाही. आणि नंतर? नंतर रुग्णाचं रक्त दात्याचं होतं, पण आधारपेशी बहुतांश रुग्णाच्या स्वतःच्याच राहतात. बदललेला वंश गेला की अनेकांमध्ये काही महिन्यांत तंतूही विरत जातात. मी म्हटलं, "म्हणजे त्या मुळात बिघडलेल्या नव्हत्या!" डॉक्टर म्हणाले, "पूर्ण तसंही नाही," आणि पुढचं मला समजलं नाही.

मामांचं वय अडुसष्ट, त्यात हृदयाची जुनी तक्रार. ट्रान्सप्लांट नको असं ठरलं. रुक्सोलिटिनिबच्या गोळ्या सुरू झाल्या. अमेरिकेत या आजारासाठी २०११ साली मान्यता मिळालेलं हे औषध प्लीहा लहान करतं, अंगातली कणकण, रात्रीचा घाम कमी करतं. जाळं मात्र ते सहसा उपटून काढत नाही. रक्तही ते सुरुवातीला थोडं आणखी उतरवू शकतं, म्हणून दर काही आठवड्यांनी रक्ताची तपासणी. तो कागद आता मी न बिचकता वाचते. त्यावर तांबड्या, पांढऱ्या, प्लेटलेट, त्यांचे पोटप्रकार, सरासरी आकारमानसुद्धा छापतात. आधारपेशींची एक ओळ नाही. त्या रक्तात येतच नाहीत, तर मोजणार कशा? मामांनी एकदा बोट फिरवत विचारलं, "ते तुजं कोनाडेवाले कुठल्या रकान्यात हाईत?" मी म्हटलं, त्यांना बघायचं तर पुन्हा कमरेला सुई. त्यांनी कागद घडी करून दिला.

वयाचं मात्र त्यांच्या मनात राहिलं. म्हातारपणानं झालं का हे, असं ते विचारत होते, आणि शोधता शोधता मला उत्तर तर नाही, पण पुण्यातलंच एक काम सापडलं. विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. तिथे वैजयंती काळे, ललिता लिमये आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१८ साली प्रसिद्ध केलं, की म्हाताऱ्या उंदरांच्या मूळ पेशी काही काळ तरुण उंदरांच्या आधारपेशींच्या संगतीत ठेवल्या तर त्या पुन्हा जोमाने रुजू लागतात. आधारपेशी स्वतःतून बारीक बारीक थैल्या सोडतात, त्यांतला माल मूळ पेशींत उतरतो. म्हाताऱ्या आधारपेशींच्या थैल्यांत तो माल कमी असतो. पण त्यांच्यातला एक जास्त जोरात चाललेला संदेशमार्ग दाबला, तर त्यांच्या थैल्याही सुधारतात. मी हे मामांना शक्य तेवढं सोपं करून सांगितलं. उंदरांत, मामा, माणसांत नाही अजून, असंही सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे म्हातारं बी एकटं म्हातारं हुत न्हाई, शेजार बी हुतो." मी निबंध वाचताना जे तीन दिवस धडपडत होते ते त्यांनी भाकरी मोडता मोडता सांगून टाकलं. भाकरी आता ते एक पूर्ण खातात.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारायचे प्रश्न मी वहीत उतरवून ठेवलेत. जाळं ग्रेड तीनवरून खाली आलं की नाही हे काडी न काढता कळतं का. प्लीहेत जे रक्त होतंय त्याला तिथे कोण आधार देतं, की प्लीहेतही कोनाडे असतात. आणि 'पूर्ण तसंही नाही' म्हणजे काय. वहीतली शेवटची ओळ मामांनी माझ्याकडून लिहवून घेतली आहे. मामींनी आजार कळल्यापासून घरात मटण शिजू दिलेलं नाही, तर ते कधीपासून चालेल, आणि डॉक्टरांनी हो म्हटलं तर तसं कागदावर लिहून द्यावं.